चौथं तळं खणण्याआधी पहिल्या तळ्यात काठी बुडवून बघा

तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. कॅनडाच्या युकॉनमध्ये, डॉसन सिटीच्या दक्षिणेला एका घरगुती प्लेसर खाणीवर तुम्ही या मोसमात पाण्याचं काम बघताय. प्लेसर म्हणजे खडकातलं नव्हे, ओढ्यानाल्यांच्या जुन्या रेतीगोट्यांत बसलेलं सोनं. तुमच्याकडे ताशी साधारण ८० घनमीटर माल धुतला जातो, दिवसाला दहा तास. धुतलेलं पाणी एकामागोमाग तीन तळ्यांतून जाऊन ओढ्यात सुटतं. जूनमध्ये ते चाचणीत पास होत होतं, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून चाचणीच्या शंकूच्या, म्हणजे गाळ मोजायच्या निमुळत्या भांड्याच्या, टोकाशी गाळ दिसायला लागला. मालक म्हणतो, चौथं तळं खणू. तुम्ही विचारताय की ते केवढं करावं, पाणी निवळायला रसायन टाकावं का, आणि तेच पाणी फिरवून वापरलं तर बारीक सोनं निसटेल का.

चौथं तळं खणू नका. निदान आज तरी नको.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. आमच्याकडे निम्मा गाव गलाईच्या धंद्यात, भारतभर पांगलेला. आजोबा सोनं गाळायचे, मी सोन्याचा गाळ सांभाळतो, एवढाच फरक. आधी नऊ वर्षं गोव्यात लोखंडाच्या खाणीवर होतो. पावसाळ्यात डंपाची लाल माती खालच्या भातशेतीत जाऊ नये म्हणून बांध आणि तळी करण्यातच सगळी उमेद गेली. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि फिरत फिरत मी इथे क्लोंडाइकला, डॉसनच्या भागात आलो. तेव्हापासून दर मे ते सप्टेंबर इथेच असतो. हे सांगायचं कारण असं, की गोव्यात शिकलेलं निम्मं इथे उपयोगी पडलं आणि उरलेल्या निम्म्याने मला तोंडावर आपटलं. ते पुढे येईलच.

उद्या सकाळी धुण्याचं काम सुरू व्हायच्या आधी एक लहान होडी घ्या, सोबत माणूस घ्या, दोघांनी लाइफ जॅकेट घाला. चार मीटरची काठी घ्या, तिच्या टोकाला ताटलीएवढी लाकडी चकती ठोका आणि दर अर्ध्या मीटरवर रंगाची पट्टी ओढा. पहिल्या तळ्यात पाच-सहा ठिकाणी ती सावकाश खाली सोडा. चकती गाळावर टेकली की हाताला कळतं, खाली पिठल्यासारखं काहीतरी लागतं. तिथे पाणी किती खोल ते लिहून ठेवा. काठाकडून चालत जाऊन मोजायचा मोह टाळा. वाळलेल्या गाळावर दुधावर येते तशी साय धरते, ती माणसाचं वजन पेलत नाही.

मी पहिल्यांदा असं मोजलं त्या तळ्यात कागदावर तीन मीटर पाणी होतं. काठी चाळीस सेंटिमीटरवर टेकली. वरून तळं काठोकाठ भरलेलं, शांत, बदकं पोहत होती. खाली सगळा चिखल. पाणी त्या चाळीस सेंटिमीटरच्या थरातून पळत सुटायचं आणि बसलेला गाळही उकरून पुढच्या तळ्यात न्यायचं. तुमच्याकडे जूनमध्ये पास आणि जुलैत नापास होतंय, त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमचंही हेच झालंय. तुमची तळी लहान नाहीत, ती भरली आहेत.

हिशोब करून बघा. दिवसाला ८०० घनमीटर माल. त्यात पोयटा आणि चिकणमाती किती हे लोणच्याच्या काचेच्या बरणीत कळतं. गोटे चाळून काढायचे, उरलेली माती अर्ध्या बरणीपर्यंत भरायची, वर पाणी घालून खच्चून हलवायची आणि दुसऱ्या दिवशी थर मोजायचे. काढलेल्या गोट्यांचा वाटा हिशोबात परत धरायला विसरू नका. समजा एकूण मालात १२ टक्के बारीक निघालं. म्हणजे रोज ९६ घनमीटर. पण जमिनीत दाबून बसलेली माती पाण्यातून खाली बसते तेव्हा फुगलेली असते, दीडपट तरी धरा. झाले रोजचे १४५ घनमीटर. तुमचं पहिलं तळं ४० बाय १५ मीटर, तीन मीटर खोल आहे असं लिहिलंय. सरळ गुणाकार केला तर १८०० घनमीटर येतात, पण काठांना दीडास एक उतार असेल तर प्रत्यक्षात जेमतेम ११४० भरतात. सगळा गाळ तिथेच थांबला तर तळं आठ दिवसांत भरेल. अर्धाच थांबला तरी पंधरवडा पुरे. तुम्ही मेअखेरीपासून ते एकदाही उपसलेलं नाही.

प्लेसर खाणीत सोनं निघतं ते मुठीत मावेल एवढं, बाकी खाण काढते ती रेती आणि चिखल. सोन्याला तिजोरी कुठे ठेवायची हे मालकाला पहिल्या दिवशी माहीत असतं. चिखल कुठे ठेवायचा हे ऑगस्टमध्ये कोणीतरी विचारतं, आणि तोवर मोकळी जागा उरलेली नसते. मी आता कुठल्याही खाणीवर गेलो की तळ्याचा आकार नंतर विचारतो, आधी विचारतो की उपसलेला गाळ कुठे टाकणार.

म्हणून चौथ्या तळ्याची जागा आणि डिझेल वापरायचंच असेल तर ते पहिल्या तळ्याचा जुळा भाऊ म्हणून वापरा. पहिली दोन तळी शेजारी शेजारी, मध्ये बांध, वर पाणी वळवायला फळी. एक चालू असताना दुसरं निथळतं, मग एक्स्कॅव्हेटरने उपसायचं आणि फळी फिरवायची. एक्स्कॅव्हेटरचा हात दोन्ही काठांवरून मधोमध पोचला पाहिजे, म्हणून ही तळी अरुंदच हवीत. १५ मीटर रुंदी त्या दृष्टीने ठीक आहे. उपसलेला गाळ लगेच ट्रकमध्ये भरू नका, अर्धा रस्त्यावर सांडतो. आधी तो काठावर नको, खणून संपलेल्या जुन्या खड्ड्यात टाका आणि त्याच्यापुढे धुतलेल्या गोट्यांचा आडवा ढीग घाला. पाणी गोट्यांतून झिरपून जातं, गाळ मागे राहतो. दोन आठवड्यांत त्याचा घट्ट शिरा होतो.

हा गाळ फेकायची वस्तू नाही, हेही मालकाच्या कानावर घाला. बोनान्झा क्रीकवर ड्रेज नंबर चार, म्हणजे पाण्यावर तरंगत रेती उपसून धुणारं जुनं प्रचंड यंत्र, बघायला गेला असाल तर वाटेत दोन्ही बाजूंना गोट्यांचे सापासारखे ढिगारे दिसले असतील. ड्रेजने बारीक माती खाली आणि गोटे वर टाकले. क्लोंडाइकमधलं ड्रेजिंग १९६६ साली थांबलं, पण कित्येक ढिगांवर आजही धड झुडूप नाही, कारण ओल धरायला वर मातीच नाही. मोसमाअखेरी जमीन पूर्ववत करताना हाच उपसलेला गाळ गोट्यांवर पसरला की विलोची झुडपं आपोआप येतात. आणि ती जबाबदारी परवान्यात तुमच्यावर आहेच.

आता निवळण्याचं शास्त्र. तुम्ही डिप्लोमाला स्टोक्सचा नियम शिकला असाल, इथे तो पोटापाण्याचा आहे. कण खाली बसायचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी झाली की वेग एक चतुर्थांश. इथल्या ५ अंशांच्या पाण्यात २० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, कण सेकंदाला पाव मिलिमीटरच्या आसपास खाली जातो. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण अख्ख्या दिवसात २० सेंटिमीटर. आणि थंडीचा फटका वेगळा. गोव्यात २८ अंशांच्या पाण्यात जो कण तासाभरात तळाला लागायचा, त्याला इथे पावणेदोन तासांहून जास्त लागतात, कारण थंड पाणी जास्त चिकट असतं. पहिल्या वर्षी मी गोव्याचे आकडे तसेच वापरले होते.

तुमचा पंप सेकंदाला १५० लिटर देतो असं धरू. तळ्याचं लागणारं क्षेत्रफळ म्हणजे प्रवाह भागिले कणाचा वेग. २० मायक्रॉनपर्यंतचे कण धरायला कागदावर सव्वासहाशे चौरस मीटर पुरतात. १० मायक्रॉनला अडीच हजार. ५ मायक्रॉनला दहा हजार, म्हणजे अडीच एकर. २ मायक्रॉनला सव्वासहा हेक्टर! आणि हे आदर्श, वाराही न हलणारं तळं गृहीत धरून. प्रत्यक्षात दुप्पट-अडीचपट धरावं लागतं. यात खोली कुठेच आली नाही, हे लक्षात आलं का? क्षेत्रफळ पाणी निवळवतं, खोली गाळ साठवते. लोक तळं खोल करतात आणि पाणी निवळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

तुमची दुसरी-तिसरी तळी क्षेत्रफळाने बरी आहेत, पण पाणी त्यांच्यातून खरंच सगळीकडून जातं का? याला एक स्वस्त चाचणी आहे. डॉसनच्या दुकानातून तीन संत्री आणा. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, पाणी नेईल तिथे जातं. तळ्याच्या तोंडाशी सोडा आणि घड्याळ लावा. ७५ बाय २० मीटरच्या, दोन मीटर खोल तळ्यात सेकंदाला १५० लिटर येत असतील तर हिशोबाने पाणी साडेपाच तास थांबायला हवं. माझी संत्री चाळीस मिनिटांत पलीकडच्या पाइपापाशी आली होती. पाणी पाइपातून धारेने पडायचं, नाकासमोर जायचं आणि समोरच्या पाइपातून बाहेर. दोन्ही बाजूंचं तळं नुसतं शोभेला. उपाय साधा होता. आत येणारं पाणी आधी गोट्यांच्या पट्ट्यावर फोडलं, मध्ये गोट्यांचे दोन आडवे बांध एकाआड एक बाजूने उघडे ठेवून घातले, आणि बाहेरचा पाइप काढून त्या जागी पंधरा मीटर लांबीचा ओंडक्याचा सपाट उंबरा केला, म्हणजे वरचा पातळ निवळशंख थरच ओलांडून जाईल. संत्री पुढच्या वेळी तीन तासांनी आली. एक आलंच नाही.

रसायनाकडे वळण्याआधी पाणी फिरवण्याचं बघू, कारण खरं उत्तर तिथे आहे. वरचे आकडे बघितले की कळतं, चिकणमातीचे कण धरण्याएवढं तळं कुठल्याही ओढ्याच्या खोऱ्यात मावत नाही. मग पाणी बाहेर सोडायचंच कशाला? शेवटच्या तळ्यातून पंपाने पुन्हा धुण्याच्या यंत्राला द्या. ओढ्यातून फक्त जेवढं गोट्यांत मुरलं आणि जमिनीत झिरपलं तेवढंच नवं घ्या. शेजारच्या अलास्कात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८८ साली प्लेसर खाणींसाठी नियम केले त्यांचा गाभा हाच आहे. लिटरमागे ०.२ मिलिलिटर बसणारा गाळ ही मर्यादा, आणि धुण्याचं पाणी फिरवूनच वापरायचं. बाहेर सोडायचं ते फक्त झिरपून-वाहून आत आलेलं जादा पाणी. युकॉनमध्ये मर्यादा ओढ्याओढ्याप्रमाणे बदलते, तिथे मासे कुठले आणि किती यावर. २००८ पासून इथे ती खोऱ्यावार पद्धत चालू आहे. तुमचा आकडा तुमच्या वॉटर बोर्डाच्या परवान्यात आहे, शेजाऱ्याचा विचारू नका.

सोनं निसटेल का? माझं मत, तुम्ही ज्याला घाबरताय त्याने नाही. दुधाळ पाण्याने स्लूसमधलं, म्हणजे सोनं अडवणाऱ्या उतरत्या पन्हळातलं, सोनं वाहून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पण पाणी ताकासारखं दाट झालं की रिफलमधली, म्हणजे स्लूसच्या तळाच्या आडव्या पट्ट्यांमधली, वाळू घट्ट बसते आणि मग बारीक सोन्याला खाली शिरायला जागा उरत नाही. कुठवर चालेल हे तराजू सांगतो. एक लिटर पाणी बाटलीत भरून तोला. वजनाने ५ टक्के माती असेल तर ते साधारण १०३२ ग्रॅम भरतं. मी १०२० च्या वर गेलं की काम थांबवून कारण शोधतो, हा माझा स्वतःचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नव्हे. शिवाय रोज स्लूसच्या शेवटच्या टोकातून पडणारा माल दोन पॅन, म्हणजे सोनं धुवायच्या दोन पराती भरून, धुऊन बघा, सोनं दिसायला लागलं तर त्याहून मोठा पुरावा नको. खरे चोर आहेत चिकणमातीचे न फुटलेले गोळे. ते स्लूसवरून लाडवासारखे घरंगळतात आणि सोन्याचे कण अंगाला चिकटवून नेतात. मालाला ट्रॉमेलमध्ये, म्हणजे धुण्याच्या फिरत्या गोल चाळणीत, जास्त वेळ घोळवा. गढूळ पाण्याचा खरा खर्च पंपाला पडतो, त्याचं आतलं फिरतं चाक, म्हणजे इंपेलर, झिजतं. एक सुटा इंपेलर छावणीत असू द्या, डॉसनमध्ये मिळेलच असं नाही.

मालक अधूनमधून विचारेल, तळ्यातल्या गाळात सोनं असेल का? असतं, थोडं. सोनाराच्या आळीतली गटारं उपसून माती धुणारे झारेकरी आपल्याकडे त्यावर पोट भरायचे, पण त्यांचा चिखल सोनाराच्या दारचा होता. तुमच्या गाळाच्या दहा पॅन धुऊन एकदा त्याची हौस फिटवा आणि पुढचं काम करा.

पाणी फिरवायला लागलात की तळ्यात येणारं फुकटचं पाणी शत्रू होतं. वरच्या उतारावरून पाऊस, वितळलेलं बर्फ, ओढ्याची फांदी, जे जे स्वच्छ आहे ते खाणीला शिवता कामा नये. डॉसनला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सव्वातीनशे मिलिमीटरच्या आसपास. गोव्याच्या तीन हजारांपुढे तो ऐकून मी हसलो होतो. पण इथे जमीन खाली गोठलेली असते, पाणी मुरत नाही, ऑगस्टमधला एक वळीव सगळाच्या सगळा तळ्यात येतो. तेव्हा वरच्या अंगाला पाट काढायचा. फक्त कोकणातल्यासारखा जमीन फोडून काढू नका. इथल्या शेवाळाच्या गादीखाली गोठलेली काळी माती आहे, तिला इथले लोक मक म्हणतात. गादी कापून पाणी सोडलंत की पाणी बर्फ वितळवत खाली खाली जातं. एका खाणीवर सोमवारी गुडघाभर काढलेला चर शुक्रवारी माणसाच्या उंचीचा झाला होता आणि त्यातून निघालेला सगळा काळा राडा आम्ही वाचवायला निघालेल्या तळ्यातच उतरला. गादी शाबूत ठेवून तिच्यावर गोट्यांचा लांब बांध घाला आणि पाणी त्याच्या अंगाने न्या. खणणं अटळ असेल तर तळाला कापड आणि वर दगड.

या मकबद्दल आणखी थोडं, कारण मी इथेच आपटलो. ती रंगाने थेट आपल्या काळ्या मातीसारखी दिसते. धरणाच्या कामावर वाढलेल्या मराठी माणसाला काळी माती दिसली की हार्टिंग आठवतं. आत काळी माती, बाहेर मुरूम, झाला बांध. पहिल्याच मोसमात मी ऑपरेटरला बांधाच्या पोटात मक भरायला सांगितली. तो जुना माणूस, त्याने एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, भर. जूनमध्ये बांध दगडासारखा होता, कारण तो खरंच गोठलेला होता. जुलै संपता संपता माथ्यावर एक पन्हाळी दिसली. दोन दिवसांनी पहाटे तीनला कोणीतरी माझा तंबू हलवत होतं. आठ मीटरचं खिंडार, अख्खं तळं खालच्या खड्ड्यात. खड्डा होता म्हणून ओढा वाचला, नाहीतर तेव्हाच माझं इथलं करिअर संपलं असतं. नंतर मी त्या मकचं एक ढेकूळ बादलीत टाकून तंबूत ठेवलं. संध्याकाळपर्यंत अर्धी बादली पाणी आणि तळाला काळं पीठ.

बांध गोटे-रेतीचा, आतल्या अंगाला न गोठलेल्या चिकण गाळाचा लेप, थराथराने दाबलेला. पाया मक काढून खालच्या रेतीपर्यंत. पोटात झाडाची फांदीसुद्धा नको, ती कुजते आणि पाण्याला वाट मिळते. पाण्याच्या वर एक मीटर तरी बांध उघडा असू द्या. आणि प्रत्येक तळ्याला सांडवा हवाच, पाणी कधीच तिकडून जाणार नाही अशी खात्री असली तरी. तो बांधात नको, बाजूच्या मूळ जमिनीत, दगडाने पिचिंग केलेला. रोज सकाळी बांधाच्या पायथ्याने चक्कर मारा. पाझर स्वच्छ असेल तर बांध घाम गाळतोय, काळजी नाही. पाझर गढूळ दिसला तर बांधाच्या पोटातून माती निघतेय, पंप बंद करून आधी तळ्याची पातळी खाली आणा. सांडव्यावरही नजर ठेवा, बीव्हर नावाचे पाणी अडवणारे प्राणी एका रात्रीत फांद्यांनी तो बुजवतात. हे मला गोव्यात कोणी शिकवलं नव्हतं.

मक सोलताना जे काळं पाणी निघतं ते धुण्याच्या तळ्यांत घेऊ नका. त्यातला सेंद्रिय बारीक भुसा कित्येक दिवस खाली बसत नाही. त्याला वेगळा खड्डा द्या. आणि तिथे हाडं सापडली तर यंत्र थांबवा. २०२२ च्या जूनमध्ये युरेका क्रीकवर अशीच मक काढताना मॅमथचं अख्खं पिल्लू निघालं, कातडी-केसांसकट. इथल्या मूळनिवासी त्रोंडेक ह्वेचिन लोकांच्या वडीलधाऱ्यांनी त्याला नाव दिलं, नुन चो गा.

आता रसायन. आपल्या घरी माठात तुरटी फिरवायचे, कुठे निवळीची बी उगाळायचे, त्यामुळे हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. तुरटी टाकू नका. तिने पाणी आंबट होतं आणि आंबट पाण्यातलं ॲल्युमिनियम माशांना विषारी. पॉलिमर, म्हणजे बारीक कणांच्या गुठळ्या करणारं रसायन, वापरायचंच तर ऋणभारित घ्या. धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटतं. आधी सहा बाटल्यांत तुमच्याच गाळावर, तुमच्याच थंड पाण्यात मात्रा करून बघा आणि परवान्यात ते बसतं का हे लेखी विचारा. पण खरं सांगू? भरलेल्या तळ्यात पॉलिमर टाकणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत अत्तर. मला अकरा मोसमांत ते दोनदाच लागलं.

चाचणीबद्दल एक शंका येते. तुम्ही शंकू भरल्यावर तासभर तसाच ठेवता का? एक लिटर पाणी इमहॉफ शंकूत घ्यायचं, पाऊण तास ठेवायचं, मग काचेच्या कांडीने कडेकडेने हलकेच फिरवून भिंतीला चिकटलेला गाळ सोडवायचा, आणखी पंधरा मिनिटांनी आकडा वाचायचा. मधलं फिरवणं राहिलं की आकडा खोटा कमी येतो, आणि तपासनीस आला की त्याचा आकडा वेगळा. शिवाय शंकू फक्त तासाभरात बसणारा गाळ दाखवतो. शंकू स्वच्छ आणि पाणी मात्र दुधाच्या चहासारखं, असं झालं तर खूश होऊ नका. ग्रेलिंग मासा डोळ्यांनी बघून भक्ष्य पकडतो, आणि चिनूक सालमन गोट्यांच्या फटीत अंडी घालतो, त्या फटी अशा बारीक गाळानेच बुजतात. चिनूकची अवस्था इतकी वाईट आहे की १ एप्रिल २०२४ ला कॅनडा आणि अलास्काने युकॉन नदीतली त्याची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवायचं ठरवलं. नदीकाठचे लोक जाळी गुंडाळून बसले असताना खाणीतून गढूळ पाणी सुटलं तर ते कुठल्या नजरेने बघतील, हे मला गोव्यातल्या डिचोलीच्या शेतकऱ्यांनी आधीच शिकवलंय.

मोसम संपताना, सप्टेंबरच्या शेवटी, सगळे घरी जायच्या घाईत असतात. त्याआधी तळ्यांची पातळी निम्म्यावर आणा, सांडवे मोकळे करा, पाइप उचला. मे महिन्यात ओढ्यावरचं बर्फ फुटतं तेव्हा पाइप बर्फाने गच्च बसलेले असतात आणि पाणी बांधावरून जातं. तेव्हा छावणीत कोणी नसतं.

सध्या मालकाकडून चौथ्या तळ्याऐवजी एक्स्कॅव्हेटरचे दोन दिवस मागून घ्या. काठीची सहा मापं, बरणीतल्या थरांची उंची आणि संत्र्यांची वेळ मला लिहून पाठवा, मग जुळ्या तळ्याची लांबी-रुंदी आपण बसून काढू. आणि बांध कशाने बांधलाय तेही लिहा. तो काळा असेल तर उद्याची वाट न बघता आजच पाणी एक मीटर खाली घ्या.